वाघाचे चित्र आणि हिंदमाताचे पाणी

जुलै महिन्यात समुद्राची भरती आणि पावसाची मोठी सर एकाच वेळी आली, की परळ व दादर यांच्या सीमेवरील हिंदमाता परिसरात पाणी साचते, ही गोष्ट मुंबईकरांच्या अंगवळणी पडली आहे. एका चित्रपटगृहाच्या नावाने ओळखला जाणारा हा भाग बशीच्या तळासारखा सखल आहे. भोवतालचे पाणी येथे उतरते आणि समुद्र भरलेला असला म्हणजे त्याला बाहेर जाण्यास वाट उरत नाही. बसगाड्यांचे मार्ग बदलतात, कापडाची दुकाने अर्ध्या दिवसात बंद होतात, के. ई. एम. रुग्णालयाकडे निघालेले रुग्णांचे नातेवाईक गुडघाभर पाण्यातून वाट काढतात आणि शाळा लवकर सोडून दिल्या जातात. अशा एखाद्या शाळेच्या वर्गात भिंतीवर वाघाचे चित्र लावलेले असते आणि त्याखाली वन्य प्राण्यांचे रक्षण करण्याचा उपदेश असतो. त्या वर्गातून निघालेला विद्यार्थी चपला हातात घेऊन पाण्यात उतरतो. भिंतीवरचा वाघ आणि रस्त्यावरचे पाणी यांचा परस्परांशी काही संबंध असू शकेल, असे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

हा संबंध न सांगितला जाणे हेच निसर्गरक्षणाच्या चळवळीचे सर्वांत मोठे दुबळेपण होय. निसर्ग राखावयाचा तर पैसा लागतो, कायदा लागतो, तज्ज्ञ लागतात. परंतु या साऱ्यांच्या मुळाशी लोकांचा पाठिंबा लागतो. तो कसा मिळवावा, याचा एक फार मोठा प्रयोग गेली सहा दशके ‘वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड’ ही आंतरराष्ट्रीय संस्था करीत आली आहे. तिच्या यशापयशाचा हिशेब मांडला, तर तो हिंदमाताच्या रहिवाशालाही उपयोगी पडण्यासारखा आहे.

चित्राचे भांडवल

१९६० साली विख्यात जीवशास्त्रज्ञ सर ज्युलियन हक्स्ली यांनी पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतल्यावर लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्रात लेखमाला लिहिली. शिकार आणि जंगलतोड याच वेगाने चालू राहिली, तर वीस वर्षांत तेथील वन्यजीवन नामशेष होईल, असा इशारा त्यांनी दिला. त्या लेखांनी अस्वस्थ झालेल्या मॅक्स निकल्सन, सर पीटर स्कॉट प्रभृतींनी १९६१ साली स्वित्झर्लंडमध्ये या फंडाची स्थापना केली. निसर्गाचा शास्त्रीय विचार करणारी आंतरराष्ट्रीय संघटना १९४८ पासून अस्तित्वात होतीच. तिच्यापाशी ज्ञान होते, पण पैसा नव्हता. म्हणजे हा फंड जन्माला आला तोच मुळी वर्गणी गोळा करण्यासाठी.

वर्गणीसाठी चेहरा लागतो. त्या वेळी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ची-ची नावाची पांडा मादी लोकप्रिय झाली होती. तिच्यावरून पीटर स्कॉट यांनी बोधचिन्ह रेखाटले. पांडा दिसायला गोजिरवाणा तर आहेच, शिवाय तो काळा-पांढरा असल्याने छपाईचा खर्चही कमी येतो, असा व्यवहारी हिशेब त्यामागे होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘डेली मिरर’ या सर्वसामान्य कामकरी वर्गात खपणाऱ्या पत्राने गेंड्याचे छायाचित्र पहिल्या पानावर छापून वाचकांना आवाहन केले आणि काही दिवसांतच हजारो पौंडांच्या लहान-लहान देणग्या येऊन पडल्या. ज्यांनी गेंडा उभ्या जन्मात पाहिला नव्हता आणि पुढेही पाहण्याचा संभव नव्हता, अशा माणसांनी त्याच्यासाठी खिशात हात घातला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही घटना विचार करण्याजोगी आहे. दीपगृहाचा प्रकाश जसा पैसे देणाऱ्या आणि न देणाऱ्या अशा दोन्ही जहाजांना सारखाच मिळतो, तसाच जंगलाचा, नदीचा आणि स्वच्छ हवेचा लाभ सर्वांना मिळतो. अशा सार्वजनिक वस्तूंच्या बाबतीत प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने पैसे द्यावेत आणि लाभ मात्र आपल्यालाही व्हावा. परिणामी कोणीच पुरेसे देत नाही. बाजारपेठ येथे निरुपयोगी ठरते आणि सरकारही मतांचे ओझे पाहूनच हात हलविते. ही कोंडी फोडण्यासाठी माणसाच्या मनातील एका वेगळ्या प्रेरणेला हात घालावा लागतो. एखादी गोष्ट केवळ जगात आहे, यातच समाधान मानण्याची ती प्रेरणा. ‘मिरर’च्या वाचकांनी गेंड्याच्या केवळ असण्याची किंमत मोजली होती. चित्राने त्या प्रेरणेला जागे केले, ही या फंडाची पहिली मोठी कामगिरी.

तथापि लहान देणग्या अनियमित असतात. कार्यालय चालविण्यास स्थिर उत्पन्न हवे. म्हणून १९७० साली एक हजार एक धनिकांकडून प्रत्येकी दहा हजार डॉलर घेऊन एक कोटी डॉलरचा कायम निधी उभारण्यात आला. त्यात हॉलंडचे प्रिन्स बर्नहार्ड यांचा पुढाकार होता. अशा रीतीने संस्थेला स्थैर्य आले, परंतु राजेरजवाडे आणि उद्योगपती यांच्या ओसरीवर वाढलेली संस्था, असा शिक्काही तिच्यावर बसला.

मुंबईतील पूर्वपीठिका

भारतात या फंडाची शाखा १९६९ साली निघाली ती मुंबईत, आणि तिच्यासाठी येथील जमीन आधीच नांगरलेली होती. १८८३ साली भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ निसर्गप्रेमी गृहस्थ जमले आणि त्यांनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. त्या आठांत दोन भारतीय होते आणि दोघेही मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि वैद्यकाबरोबर वनस्पतिशास्त्राचाही व्यासंग करणारे सखाराम अर्जुन. पुढे गिरगावातील खेतवाडीत वाढलेला एक मुलगा १९०८ च्या सुमारास आपण छर्‍याच्या बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन ती कोणत्या जातीची हे विचारण्यासाठी याच सोसायटीत गेला. तोच पुढे पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली म्हणून जगभर ओळखला गेला. निसर्गाचे प्रेम ही परदेशातून आलेली चैन आहे, असे मानणाऱ्यांनी गिरगाव-भायखळ्याचा हा इतिहास ध्यानात घ्यावा.

फंडाच्या भारतीय शाखेचा संस्थापनेचा काळ आणि वाघावरचे संकट यांची गाठ पडली. १९७२ च्या गणनेत देशात केवळ १,८२७ वाघ आढळले. फंडाने दहा लाख डॉलरच्या साहाय्याची तयारी दर्शविली, पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी या प्रश्नात जातीने लक्ष घातले आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. आरंभीच्या नऊ राखीव क्षेत्रांत महाराष्ट्राचे मेळघाट होते. २०२२ च्या अंदाजानुसार देशात सरासरी ३,६८२ वाघ आहेत. पूर्वीची पावलांच्या ठशांवरून होणारी गणती आणि आजची कॅमेऱ्यांच्या साहाय्याने होणारी गणती यांची सरळ तुलना करता येत नसली, तरी नामशेष होऊ घातलेला प्राणी टिकला, हे निर्विवाद होय.

हे यश राजाश्रयाचे होते. राजाश्रयाचा गुण असा की निर्णय त्वरेने होतो, आणि दोष असा की त्या निर्णयाची किंमत कोणी मोजावयाची हे फारसे विचारले जात नाही.

किंमत कोणाच्या माथी?

वाघ वाचल्याचा आनंद लंडनच्या वर्गणीदाराला आणि मुंबईच्या विद्यार्थ्याला मिळतो. त्याचा खर्च मात्र मेळघाटातील कोरकू कुटुंबाच्या अंगावर पडतो. गुरे चारण्याचे रान बंद होते, मोहाची फुले आणि तेंदूची पाने गोळा करण्यावर निर्बंध येतात, पिकात रानडुकरे शिरतात आणि अखेर गावच उठविण्याचा प्रश्न उभा राहतो. मेळघाटातील बोरी, कोहा आणि कुंड ही गावे या शतकाच्या आरंभी हलविण्यात आली. लाभ विखुरलेला आणि दूरच्यांचा, तर तोटा एकवटलेला आणि जवळच्यांचा, अशी ही विषम वाटणी आहे. तिच्यातून पाठिंबा निर्माण होत नाही, निर्माण होतो तो मूक विरोध. आणि चोरट्या शिकाऱ्याला रानाची वाट दाखविणारा माणूस अशा विरोधातूनच मिळतो.

राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरलेला नाही, हे २००५ साली उघड झाले, तेव्हा केंद्र सरकारने सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिगट नेमला. जंगलात व जंगलाकाठी राहणाऱ्या लोकांना शत्रू मानून वाघ वाचविता येणार नाही, हे त्या गटाच्या अहवालाचे प्रमुख सूत्र होते. फंडाच्याही वाट्याला असाच धडा आला. त्याने साहाय्य दिलेल्या आफ्रिका व आशियातील काही उद्यानांत वनरक्षकांनी स्थानिकांवर अत्याचार केल्याचे आरोप २०१९ साली झाले. माजी मानवाधिकार उच्चायुक्त नवी पिल्लै यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने २०२० साली अहवाल दिला. फंडाच्या कर्मचाऱ्यांचा अत्याचारांत प्रत्यक्ष सहभाग असल्याचा पुरावा समितीला मिळाला नाही. परंतु मानवाधिकारांबाबत स्वतःच दिलेली वचने पाळण्यात संस्था कमी पडली, असे तिने नमूद केले. अशी समिती स्वतःहून नेमणे आणि तिचा अहवाल प्रसिद्ध करणे ही जमेची बाजू खरीच. तथापि दूरचा पाठिंबा भरघोस असूनही जवळचा पाठिंबा शून्य असू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

वर्गणीचे शास्त्र

जवळचा पाठिंबा कसा उभा राहतो, हे गिरगाव-लालबागला कोणी शिकवावयास नको. १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हापासून वर्गणीचे शास्त्र या भागाला अवगत आहे. चाळीतला प्रत्येक बिऱ्हाडकरू आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी देतो, कारण ती मागावयास येणारा त्याच्या ओळखीचा असतो, जमाखर्च भिंतीवर लागतो आणि मंडपात त्याच्या मुलाला काही ना काही काम मिळते. पैसा, हिशेब आणि सहभाग या तिन्हींचा असा मेळ बसला म्हणजे त्याला लोकाश्रय म्हणतात. नुसता पैसा घेणारी संस्था देणगीदार मिळविते. लोकाश्रय मिळविणारी संस्था कार्यकर्ते मिळविते.

फंडाच्या भारतीय शाखेला याची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९७६ पासून तिने शाळा-महाविद्यालयांत निसर्ग मंडळांची चळवळ सुरू केली. मुलांना वर्गाबाहेर काढून झाड, पक्षी, कीटक प्रत्यक्ष दाखविण्याचा तो उपक्रम होता. मुंबईत तिचे सर्वांत दृश्य फळ म्हणजे धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठी असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान. येथे पूर्वी शहराचा कचरा टाकला जात असे. या जागी निसर्गशिक्षणाचे उद्यान करावे, या कल्पनेला फंडाच्या शाखेने चालना दिली आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती हाती घेतली. कचऱ्याच्या थरांवर माती पसरून झाडे लावण्यात आली आणि २२ एप्रिल १९९४ रोजी सुमारे सदतीस एकरांचे हे उद्यान रीतसर खुले झाले. आज तेथे दाट झाडी आहे, पक्षी आणि फुलपाखरे आहेत, आणि शाळांच्या सहली येतात. उकिरड्याचे रान होऊ शकते, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला निसर्ग ही दूरच्या हिमालयातली वस्तू वाटत नाही.

परंतु अशी उदाहरणे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली, आणि याचे परिणाम गिरणगावाने भोगले.

हातची गेलेली जमीन

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचे जीवन उलटेपालटे केले. बंद पडत गेलेल्या गिरण्यांची परळ, लालबाग, वरळी भागांतील जमीन सुमारे सहाशे एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीची ढोबळ विभागणी तीन भागांत सुचविली होती: एक भाग महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक भाग ‘म्हाडा’कडे घरांसाठी आणि एक भाग मालकाकडे. २००१ साली या नियमात बदल झाला आणि ही विभागणी गिरणीच्या आवारातील मुळातच मोकळ्या असलेल्या जागेपुरती मर्यादित झाली. जेथे इमारती उभ्या होत्या ती जमीन हिशेबातून वगळली गेली. सार्वजनिक वाटा त्यामुळे पार आक्रसला. ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप’ने या बदलाला न्यायालयात आव्हान दिले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. गिरण्यांच्या जागी मनोरे आणि मॉल उभे राहिले.

हे दोन्ही निर्णय येण्यापूर्वीच, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळून मुंबई बुडाली होती. मोकळी माती पाणी जिरविते आणि सिमेंट ते रस्त्यावर लोटते, हे समजण्यास याहून प्रखर पाठाची आवश्यकता नव्हती. तरीही मोकळ्या मैदानांची मागणी ही मूठभर पर्यावरणवाद्यांची, तर घरांची व देण्यांची मागणी ही कामगारांची, अशी वाटणी बहुतांच्या मनात कायम राहिली. वास्तविक दोन्ही मागण्या एकाच जमिनीच्या होत्या आणि एकाच नियमात शेजारी-शेजारी लिहिलेल्या होत्या. वाघासाठी सही करणारे हजारो हात शाळा-कचेऱ्यांत होते. पण आपल्याच विभागातील मैदान हासुद्धा निसर्ग आहे आणि त्याचे रक्षण हेसुद्धा निसर्गरक्षण आहे, ही भाषा त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती.

गिरण्यांची मैदाने मिळाली असती तर हिंदमाताला पाणी साचले नसते, असा भोळा दावा करण्याचे कारण नाही. हा भाग मुळातच सखल, जुन्या गटारांची वहनक्षमता अपुरी आणि त्यांची तोंडे भरतीच्या पातळीशी बांधलेली. म्हणून रे रोडला ब्रिटानिया उदंचन केंद्र उभारावे लागले आणि २०२१ मध्ये दादर-परळ भागात पावसाचे पाणी साठविण्यासाठी जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधाव्या लागल्या. त्यांमुळे पाण्याचा निचरा पूर्वीपेक्षा लवकर होतो. पाणी साचणे मात्र पूर्ण थांबलेले नाही. मातीने जे काम फुकट केले असते त्यातील काही वाटा आता पंप आणि टाक्या पैसे घेऊन करीत आहेत, एवढे मात्र म्हणता येईल. निसर्गाचे मोल बाजारात मोजले जात नाही. तो गेल्यावर येणारे बिल तेवढे मोजले जाते.

वेळासचा पाठ

लालबाग-परळच्या चाकरमान्यांची नाळ ज्या कोकणाशी जुळलेली आहे, तेथेच याचे आशादायक उत्तरही सापडते. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास गावच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास येतात. पूर्वी ती अंडी माणसे आणि कोल्ही-कुत्री पळवीत. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ च्या सुमारास ग्रामस्थांना हाताशी धरून संरक्षणाचे काम सुरू केले. अंडी किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत हलवावयाची, पिल्ले बाहेर पडली की समुद्रात सोडावयाची, असा हा साधा क्रम होता. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहण्यास येणारे पर्यटक गावातल्याच घरांत उतरतात, गावातलेच जेवतात आणि पैसा गावातच राहतो. अंड्यापेक्षा जिवंत पिल्लाचे मोल अधिक आहे, हे भाषणाने नव्हे तर घरच्या मिळकतीने पटले. मेळघाटात जी वाटणी विषम होती, ती वेळासला सरळ झाली: राखणाराच लाभ घेणारा ठरला.

हा विचार मराठी मुलुखाला नवा नाही. गावोगावच्या देवरायांत देवाच्या नावाने राखलेले रान हा लोकाश्रयाचा जुना नमुना आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७५ च्या सुमारास देवरायांचे महत्त्व शास्त्रीय जगासमोर मांडले. फंडानेही १९८६ साली इटलीतील असिसी येथे विविध धर्मांच्या धुरीणांना एकत्र बोलावून निसर्गरक्षणाची घोषणा करविली. पांड्याच्या चित्रापासून निघालेली संस्था पाव शतकानंतर श्रद्धेच्या दाराशी आली, याचा अर्थ एवढाच की चित्र माणसाला क्षणभर थांबविते. त्याला रोज राखणदार बनविण्यासाठी त्याच्या जगण्यात काही मुळे असावी लागतात.

तात्पर्य, आंतरराष्ट्रीय संस्थेने वाघाचे चित्र उतरवावे असे नाही. ते चित्र नसते तर कदाचित वाघही नसता. परंतु त्या चित्राखालचा मजकूर आता बदलला पाहिजे. ज्या विभागात ते लावले आहे त्या विभागातील मोकळी जमीन किती, झाडे किती, पावसाचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हा हिशेब त्याखाली असावयास हवा, आणि गणेशोत्सवाच्या जमाखर्चासारखा तो दरवर्षी भिंतीवर लागावयास हवा. हे काम परदेशातून होणार नाही आणि त्याला मोठा निधीही लागणार नाही. शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या हाती मोजपट्टी आणि वही द्यावी, कचेरीत काम करणाऱ्या नागरिकाने विकास आराखड्यातील आपल्या विभागाचे पान उघडून पाहावे, मंडळाने वर्गणीच्या पावतीबरोबर मैदानासाठीही एक सही घ्यावी. पुढच्या जुलैत शाळा लवकर सुटेल तेव्हा चपला हातात घेऊन निघालेल्या विद्यार्थ्याला पाणी का साचले हे सांगता आले, तर निसर्गाला एक देणगीदार नव्हे, एक राखणदार मिळाला असे समजावे.